विश्लेषण : गेम कन्सोलचे सुधारित मॉडेल येणार का? वाशिमकरांनी तोवर थांबावे का?

‘थोडे थांब, नवे मॉडेल आले की हे स्वस्त होईल,’ हे वाक्य मोबाइल मागणाऱ्या प्रत्येक मुलाने ऐकलेले असते. आता तेच वाक्य ‘निंटेंडो स्विच 2’ मागणाऱ्या मुलांच्या वाट्याला येत आहे. सुधारित मॉडेल येईल का, याचे उत्तर बहुधा ‘हो’ असेच आहे. पण वाशिमच्या ग्राहकाने विचारायला हवा तो प्रश्न थोडा वेगळा आहे.

प्रश्न नेमका काय?

स्विच 2 हा हातात धरून खेळता येणारा आणि घरी टीव्हीला जोडता येणारा कन्सोल 5 जून 2025 रोजी बाजारात आला. पहिल्या चार दिवसांतच जगभरात त्याची 35 लाखांहून अधिक विक्री झाली. अमेरिकेत त्याची किंमत तेव्हा सुमारे 450 डॉलर होती, म्हणजे साधारण 40 हजार रुपये. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये आहे. त्या हिशेबाने एका कन्सोलला साडेसात क्विंटल सोयाबीन लागते, तेही हमीभाव पदरात पडला तर. शिवाय कंपनीने हा कन्सोल भारतात अधिकृतपणे आणलेला नाही. इथे मिळतो तो बाहेरून आणलेला माल, त्यावर आणणाऱ्याचा नफा वेगळा. एवढी रक्कम घालायची तर घाई नको, हे कुणालाही पटेल.

सुधारित मॉडेल म्हणजे काय?

सुधारित मॉडेल म्हणजे नवी पिढी नव्हे. गेम तेच चालतात, फक्त यंत्र बदलते. हा बदल तीन प्रकारचा असतो आणि पहिल्या ‘स्विच’च्या बाबतीत तिन्ही प्रकार घडले. मार्च 2017 मध्ये आलेल्या मूळ यंत्राची बॅटरी अडीच ते साडेसहा तास टिकत असे. 2019 मध्ये कमी वीज खाणारी चिप बसवून कंपनीने हाच वेळ साडेचार ते नऊ तासांवर नेला. बाहेरून यंत्र तसेच, नावही तेच आणि किंमतही तीच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टीव्हीला न जोडता येणारे, 100 डॉलरने स्वस्त ‘स्विच लाइट’ आले. ऑक्टोबर 2021 मध्ये मोठ्या ओएलईडी पडद्याचे, 50 डॉलरने महाग मॉडेल आले.

इतिहास काय सांगतो?

‘गेम बॉय अ‍ॅडव्हान्स’ 2001 मध्ये आला, तेव्हा त्याच्या पडद्यामागे प्रकाशच नव्हता आणि त्यात पेन्सिल सेल घालावे लागत. 2003 च्या ‘एसपी’ मॉडेलने प्रकाशही दिला आणि चार्ज होणारी बॅटरीही. ‘डीएस’ 2004 चा, त्याचे हलके ‘लाइट’ मॉडेल 2006 चे. सोनीचा ‘पीएसपी’ 2004 च्या डिसेंबरमध्ये जपानात आला, त्याचे सडपातळ रूप 2007 मध्ये आले. व्हॉल्व्ह कंपनीचा ‘स्टीम डेक’ फेब्रुवारी 2022 चा, तर मोठ्या बॅटरीचे ओएलईडी मॉडेल नोव्हेंबर 2023 चे. म्हणजे पहिल्या मॉडेलनंतर साधारण दीड ते तीन वर्षांत दुसरे येते.

यामागे उत्पादनाचे गणित आहे. चिप बनवण्याची पद्धत सुधारली की तीच चिप लहान होते, कमी तापते, कमी वीज खाते. विक्री मंदावू लागली की दुकानात दाखवायला नवे काहीतरी लागते. स्विच 2 मध्ये 7.9 इंची एलसीडी पडदा आहे आणि कंपनीच्याच सांगण्यानुसार बॅटरी दोन ते साडेसहा तास टिकते. सुधारणेला जागा आहे, हे यावरूनच दिसते.

थांबले तर स्वस्त मिळते का?

पूर्वी मिळत असे. ‘3डीएस’ 2011 मध्ये अमेरिकेत 250 डॉलरला आला आणि पाच महिन्यांच्या आत 170 डॉलरवर उतरला. आधी घेतलेल्यांची नाराजी दूर करायला कंपनीला 20 जुने गेम फुकट द्यावे लागले. पण आता वारे उलटे फिरले आहे. ऑगस्ट 2025 मध्ये निंटेंडोने अमेरिकेत आठ वर्षे जुन्या पहिल्या स्विचची किंमत वाढवली. त्याच महिन्यात सोनीने ‘प्लेस्टेशन 5’ 50 डॉलरने महाग केला. त्यानंतर मेमरी चिपचे भावही चढले. तेव्हा ‘थांबलो की पैसे वाचतील’ हा हिशेब आता धरून चालता येणार नाही.

मग या वेळी वेगळे काय आहे?

या वेळी कंपनीवर कायद्याचा दबाव आहे. युरोपीय संघाच्या 2023 च्या बॅटरी नियमानुसार 18 फेब्रुवारी 2027 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक लहान उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः, बाजारात मिळणाऱ्या साध्या हत्यारांनी काढता-बदलता आली पाहिजे. त्यासाठी उष्णता किंवा रसायन वापरावे लागता कामा नये. शिवाय त्या मॉडेलचे शेवटचे यंत्र बाजारात आल्यानंतर किमान पाच वर्षे सुटी बॅटरी मिळाली पाहिजे.

आज स्विच 2 ची बॅटरी आत घट्ट चिकटवलेली आहे. उपकरणे उघडून तपासणाऱ्या ‘आयफिक्सिट’ या संस्थेने दुरुस्तीच्या सोयीसाठी त्याला 10 पैकी 3 गुण दिले. म्हणजे युरोपात विक्री चालू ठेवायची तर आतली रचना बदलावी लागेल. ती फक्त युरोपसाठी बदलायची की साऱ्या जगासाठी, हे कंपनीच्या हातात आहे.

वाशिमला याचे काय?

सगळ्यात जास्त आपल्यालाच. पुण्या-मुंबईत बाहेरून आणलेला कन्सोल उघडणारे कारागीर सापडतात. वाशिमच्या पाटणी चौकात मोबाइलची बॅटरी तासाभरात बदलून मिळेल, पण या यंत्राची सुटी बॅटरी कुठून आणायची? अधिकृत विक्रीच नाही, तर अधिकृत सेवा केंद्र कुठले? लिथियम बॅटरीची ताकद वापराबरोबर कमी होत जाते. तीन-चार वर्षांनी यंत्र धडधाकट आणि बॅटरी मरगळलेली, अशी वेळ येते. तेव्हा साडेसात क्विंटलचा ऐवज चार्जरला बांधलेला राहतो.

दुसरी गोष्ट स्टिकची. पहिल्या स्विचची स्टिक झिजून आपोआप एका बाजूला सरकण्याची तक्रार जगभर झाली. 2020 मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. युरोपातील ग्राहक संघटनेने 2021 मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली आणि 2023 मध्ये तिथल्या ग्राहकांना, वॉरंटी संपली तरी, मोफत दुरुस्तीचे आश्वासन मिळाले. भारतातल्या ग्राहकाला असे काही मिळाले नाही. यंत्र तेच होते, फरक पाठीशी असलेल्या कायद्याचा होता.

आपल्याकडे कायदा नाही का?

सुरुवात झाली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि डिसेंबर 2022 मध्ये पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्यातील चार क्षेत्रे. दुरुस्ती किती सोपी, याचे गुण वस्तूवर छापण्याबाबतचा एका समितीचा अहवाल मे 2025 मध्ये सरकारला मिळाला. पण त्याचा भर स्मार्टफोन आणि टॅबलेटवर आहे. गेम कन्सोल त्यात ठळकपणे यायला हवा. ‘खेळणेच तर आहे’ म्हणून तो सोडून देणे बरोबर नाही. बॅटरी, पडदा, चिप सगळे मोबाइलसारखेच आहे आणि किंमत बहुतेकांच्या मोबाइलपेक्षा जास्त आहे.

मग करायचे काय?

ओएलईडी पडद्यासाठी किंवा किंमत उतरेल म्हणून थांबू नका. थांबायचे असेल तर बॅटरी बदलता येणाऱ्या मॉडेलसाठी थांबा. ज्या जिल्ह्यात सेवा केंद्र नाही, तिथे स्क्रू काढून बॅटरी बदलता येणे हीच सगळ्यात मोठी सुधारणा.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आज नववीत असलेला मुलगा दोन वर्षांनी अकरावीत असेल, डोक्यावर ‘नीट’ किंवा ‘जेईई’ असेल. खेळायचे वय कुणासाठी थांबत नाही. अशा घरांनी आत्ताच घ्यायचे ठरवले तर त्यात चूक नाही. फक्त दोन गोष्टी तपासाव्यात. जपानमध्ये 2025 मध्ये 49,980 येनला आलेला स्वस्त स्विच 2 केवळ जपानी भाषेत चालतो. ‘तिकडून स्वस्तात आणून देतो’ म्हणणाऱ्याला आधी भाषा विचारा. आणि जुना पहिला स्विच घेत असाल तर त्याचा अनुक्रमांक पाहा. ‘एक्सकेडब्ल्यू’ने सुरू होणारा म्हणजे जास्त बॅटरीचा, ‘एक्सएडब्ल्यू’ने सुरू होणारा म्हणजे 2019 च्या सुधारणेआधीचा. दिसायला दोन्ही सारखेच असतात.

ट्रॅक्टर घेताना ‘स्पेअर पार्ट कुठे मिळतो?’ हे विचारल्याशिवाय आपल्याकडे कुणी सही करत नाही. पोराच्या खेळण्यासाठी 40 हजार मोजतानाही तोच प्रश्न आधी विचारायला हवा.