विद्यार्थी, वसतिगृहे आणि धर्मप्रचार

पावसाळा सुरू झाला की साताऱ्याच्या आणि सांगलीच्या एस. टी. स्थानकांवर दरवर्षी एकच देखावा दिसतो. माण, खटाव, जत, आटपाडी या तालुक्यांतून सतरा-अठरा वर्षांची मुले बापाबरोबर सामानसुमान घेऊन उतरतात. बाप प्रवेशाचे पैसे भरतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. मुलगा राहतो; वसतिगृहात जागा मिळाली तर तेथे, नाही तर चौघांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत. पहिल्या पंधरवड्यात त्याला नावाने हाक मारणारे माणूस त्या शहरात बहुधा एकही नसते. आमच्या आजच्या लेखाचा विषय हा पंधरवडा आहे.

जगातील अनेक विद्यापीठांस जो अनुभव आला तो असा, की नेमक्या याच दिवसांत त्या मुलाला नावाने हाक मारणारा कोणी तरी भेटतो. तो आपुलकीने चौकशी करतो, अभ्यासाच्या वह्या देतो, जेवू घालतो आणि रविवारी एका कार्यक्रमाला नेतो. कार्यक्रमाचे नाव व्यक्तिमत्त्व विकास, मनःशांती, इंग्रजी संभाषण असे काहीही असते. त्यामागची संस्था कोणती, तिचा धर्म वा पंथ कोणता, तिला या मुलाकडून शेवटी काय हवे आहे, हे मात्र तो पुरता गुंतेपर्यंत सांगितले जात नाही. आपुलकी दाखविणारा प्रत्येक मनुष्य कावेबाज असतो असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. ज्याला आपली श्रद्धा प्रिय आहे तो ती दुसऱ्यास सांगणारच. आमचा आक्षेप नाव लपविण्यास आहे, आणि नाव उघड झाल्यानंतर सुटू न देण्यास आहे.

असा एखादा प्रकार कानी आला की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, की 'ते कोणत्या धर्माचे होते?' उत्तर परधर्माचे आले तर मोर्चा निघतो. स्वधर्मातील एखाद्या पंथाचे वा बुवाचे आले, तर मुलगा सन्मार्गाला लागला म्हणून शेजारी आईबापांचे अभिनंदन करतात. विचाराची गल्लत होते ती येथेच. ज्याने परीक्षा सोडली, घरचा फोन घेणे बंद केले आणि शिष्यवृत्तीची रक्कम कोणाच्या तरी पेटीत टाकली, त्याच्या नुकसानीत ग्रंथाच्या नावाने कोणता फरक पडतो? सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा करण्याचा विचार व्हावा म्हणून राज्य शासनाने २०२५ च्या फेब्रुवारीत पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. असा कायदा असावा की नसावा हा वाद स्वतंत्र आहे. परंतु तो कितीही कडक केला तरी पाटी बदलली की नाही एवढेच पाहणार. जन्मधर्मातच राहून ज्याचे शिक्षण बुडाले त्याच्यापर्यंत तो पोहोचणार नाही. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, अशातली ही गत आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १८३९ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पारशी समाजाने न्यायालयात धाव घेतली. पण तरुण आपले हित जाणण्याइतके मोठे आहेत असे ठरवून न्यायालयाने त्यांस त्यांच्या इच्छेवर सोडले. पारशी पालकांनी आपली मुले शाळेतून काढून नेली. पुढे १८४३ मध्ये नारायण शेषाद्रीच्या पाठोपाठ त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला, तेव्हा मात्र तो अज्ञान असल्यामुळे न्यायालयाने त्यास बापाच्या स्वाधीन केले. मुलगा परत आला आणि खरी पंचाईत तेथून पुढे झाली! त्यास पंक्तीला घ्यावयाचे की नाही यावर मुंबईच्या ब्राह्मणवर्गात दोन तट पडले. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्यास परत घ्यावे असा पक्ष धरला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मुलगा गेला म्हणून आक्रोश करणारे आणि परतल्यावर त्यास पाटावर बसू न देणारे पुष्कळदा एकच असतात, हे बाळशास्त्र्यांना त्या वेळी दिसून आले असले पाहिजे.

याहून अधिक विचार करावयास लावणारे प्रकरण शारदा सदनाचे आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत ही शाळा काढली आणि पुढल्या वर्षी ती पुण्यास नेली. पैसा बॉस्टन येथील रमाबाई असोसिएशनचा. सल्लागार रानडे, भांडारकर यांच्यासारखे. आणि आश्वासन असे, की येथे धर्मशिक्षण दिले जाणार नाही. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. त्या आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत, आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. केसरीने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी संस्थेशी संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. रमाबाईंनी वचन मोडले काय? दार उघडे होते आणि ओढून कोणास नेले नव्हते, हे खरे. परंतु जिला त्या घराखेरीज जगात दुसरे घर नाही, अशा विधवा मुलीची इच्छा आश्रय देणाऱ्या बाईंच्या उघड्या दारापुढे कितपत मोकळी राहते, हाही प्रश्न खरा आहे. मात्र ज्यांनी तिचे केशवपन करून तिला माजघराच्या कोपऱ्यात बसविले होते, त्यांस तो विचारण्याचा अधिकार किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी त्याच १८९३ साली विवाह केला आणि १८९६ मध्ये विधवांसाठी स्वतःची संस्था काढली. शारदा सदनाला महाराष्ट्राने दिलेले खरे उत्तर आमच्या मते केसरीतले लेख नव्हेत. पुढे हिंगण्यास उभा राहिलेला तो आश्रम होय.

अलीकडच्या काळात परदेशांतील विद्यापीठांनी काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. बॉस्टन विद्यापीठाने १९८७ साली 'बॉस्टन चर्च ऑफ ख्राइस्ट' या पंथास आपल्या आवारात विद्यार्थी गोळा करण्यास बंदी घातली. या पंथात नव्या मुलामागे एक जुना सभासद लावून देत. मुलाने कोणाशी मैत्री करावी येथपर्यंत त्याचा सल्ला चाले. बंदीमागे प्रमुख व्यक्ती होती ती विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिराचे प्रमुख रॉबर्ट थॉर्नबर्ग, म्हणजे स्वतःच एक ख्रिस्ती धर्मोपदेशक! त्यांचा कटाक्ष शिकवणुकीवर नव्हता, वागणुकीवर होता. जपानात १९९५ च्या मार्चमध्ये ओम् शिनरिक्यो पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला, तेव्हा त्यात नामांकित विद्यापीठांचे विज्ञानाचे पदवीधर निघाले. शिक्षणाने मनुष्य आपोआप सावध होतो, ही आपली भाबडी समजूत त्या दिवशी संपावयास हवी होती. तेथील अनेक विद्यापीठे आता नव्या विद्यार्थ्यांस खेळाच्या वा छंदाच्या मंडळाआड कोण असू शकते, हे आधीच सांगून ठेवतात.

आपल्या महाविद्यालयांस सरसकट बंदीचा मार्ग मोकळा नाही आणि तो असूही नये. अठरा वर्षांचा विद्यार्थी मतदार आहे. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने त्यास श्रद्धेचे आणि ती सांगण्याचेही स्वातंत्र्य दिले आहे. परंतु २८ व्या अनुच्छेदात असेही म्हटले आहे, की शासनमान्य वा अनुदानित शिक्षणसंस्थेत कोणासही त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धर्मशिक्षण घ्यावयास वा उपासनेस हजर राहावयास लावता येणार नाही. संमती म्हणजे कशास संमती, हे कळल्यावाचून दिलेली मान्यता नव्हे. नाव लपवून घेतलेला होकार हा होकारच नाही.

तेव्हा संस्थांनी एवढे तरी करावे. आवारात कार्यक्रम करणाऱ्या बाहेरच्या प्रत्येक मंडळाने आपले पूर्ण नाव, उद्देश आणि पैसा कोठून येतो हे सूचनाफलकावर लिहावे. वसतिगृहाच्या खोलीत प्रचारकास प्रवेश नसावा, मग तो कोणत्याही देवाचा असो. ज्या प्राध्यापकाच्या हाती प्रात्यक्षिकाचे गुण आहेत त्याने विद्यार्थ्यांस आपल्या सत्संगाला, प्रार्थनेला वा शाखेला बोलावू नये; प्रकार सौम्य दिसतो, पण आमच्या दृष्टीने सर्वांत गंभीर हाच आहे. रॅगिंगविरुद्ध विद्यापीठ अनुदान मंडळाचे नियम २००९ पासून आहेत, विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी लोकपालाची तरतूद २०२३ च्या नियमांतही आहे. शिवाजी विद्यापीठास आणि साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठास याच यंत्रणेतून ही तक्रारही गुप्तपणे ऐकता येईल. ती पोलिसांकडे वा एखाद्या पक्षाच्या कार्यालयाकडे आधी जाता कामा नये. तेथे गेली की तिचा झेंडा होतो आणि मुलगा बाजूला पडतो.

पण नियमाने एकटेपण जात नाही. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहिली, स्वतः भाकऱ्या भाजून एका पंगतीत जेवली. त्या घरात नव्या मुलास नावाने हाक मारणारे पहिल्याच संध्याकाळी भेटत. बाहेरच्या कोणाची वाट त्याला पाहावी लागत नसे. आम्हीही काही वर्षे शाळेत शिकविले आहे, आणि मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा आमच्याही वेळेवर लक्षात आला नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. आज जी महाविद्यालये भाऊरावांची तसबीर कार्यालयात लावतात, त्यांपैकी किती जणांचे रेक्टर रात्री मुलांबरोबर राहतात? प्रवेशाची पावती घेताना पालकांनी एवढे विचारावे, आणि त्या रेक्टरांचा दूरध्वनी क्रमांक पावतीच्या मागे लिहून घ्यावा.