नवा वूफर आणण्याआधी जुना जरा हलवून पाहा

मैत्रिणींनो, घरात मोठा टीव्ही आला की पाठोपाठ होम थिएटर येतं, आणि ते आलं की वर्षा-दोन वर्षांत पुरुषमंडळींना एक नवं दुखणं जडतं. "आवाजात दम नाही गं, बेस कमी पडतो!" मग सुट्टीच्या दिवशी दुकानांच्या चकरा, मोबाइलवर तासन्‌तास चौकश्या, आणि एके दिवशी प्रस्ताव आपल्यापुढे येतो : मोठा सबवूफर घ्यायचा. आपण "कशाला?" म्हटलं, की "तुला त्यातलं काय कळतं" हे उत्तर ठरलेलं. अशाच एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचा प्रश्न सरळ आहे : पाच आकडी रक्कम घालायची, तर फरक खरंच पडतो का?

पडतो. पण पुष्कळदा तोच फरक एक पैसाही न खर्चता पडतो, आणि ते आधी करून पाहायला हवं. त्यासाठी ह्यातलं थोडं समजून घेऊ या. अवघड मुळीच नाही, बरं का!

तबल्याच्या साथीत डग्गा घुमतो ना, तो खर्जातला आवाज. आवाजाची उंची मोजतात ती हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती कंपनं. आपल्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. पियानोचा सगळ्यात खालचा सूर २७.५ हर्ट्झचा. चित्रपटातला गडगडाट आणि स्फोट ह्याच्याही खाली उतरू शकतात, आणि तिथे तो कानाला कमी नि छातीला जास्त जाणवतो. १९७४ साली 'अर्थक्वेक' ह्या हॉलिवूडच्या चित्रपटासाठी थिएटरांतून खास अजस्र स्पीकर बसवले होते, प्रेक्षकाला भूकंप खुर्चीत जाणवावा म्हणून. आता तीच हौस आपल्या दिवाणखान्यात आली आहे, इतकंच.

खर्ज काढायचा म्हणजे हवा ढकलायची. सूर जितका खाली, तितकी हवा जास्त. ४० हर्ट्झवरून २० वर उतरायचं आणि आवाज तेवढाच ठेवायचा, तर चौपट हवा हलवावी लागते. आठ इंची पडद्याला हे झेपत नाही आणि बारा इंची पडद्याचं क्षेत्रफळ त्याच्या सव्वादोनपट असतं, म्हणून मोठा वूफर खाली उतरतो. म्हणजे तुमच्या ह्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मात्र खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यांना भुलू नका. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे जरासाच. आणि 'पीएमपीओ' म्हणून जे हजारोंचे आकडे छापतात, ते सरळ सोडून द्यावेत. 'आरएमएस' किती, तेवढंच विचारावं.

आता खरी गोम. परातीत पाणी घेऊन चाललात, तर पाणी कडांना हिंदकळतं आणि मध्ये जवळजवळ स्थिर राहतं. खोलीतल्या खर्जाचं तसंच असतं. पंधरा फूट लांबीच्या हॉलमध्ये साधारण ३७ हर्ट्झचा सूर दोन्ही टोकांच्या भिंतींशी दणाणतो आणि मधोमध नाहीसा होतो. तुमचा सोफा नेमका मधोमध असेल, तर कितीही महागडा वूफर आणा, तो सूर तिथे पोचायचा नाही. सोफा पाठीमागच्या भिंतीला चिकटवला असेल तर तोच सूर इतका घुमतो, की बाकीचं सारं त्यात बुडून जातं. फूट-दीड फूट सोफा सरकवल्याने जे होतं, ते कधी कधी पंधरा हजारांनी होत नाही.

तसाच प्रश्न वूफरच्या जागेचा. आपण तो ठेवतो कुठे? केर काढताना आड येणार नाही तिथे, नाहीतर टीव्हीच्या टेबलाखाली. त्यापेक्षा एक गमतीचा प्रयोग करा. वूफर उचलून सोफ्यावर ठेवा, तुम्ही जिथे बसता नेमका तिथे. आतली तार आखूड पडली तर बटण बंद करून साधी स्पीकरची वायर जोडून वाढवता येते. मग भरपूर बेस असलेलं एखादं गाणं माफक आवाजात पुन्हा पुन्हा लावा आणि भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर रांगत, कान जमिनीजवळ ठेवून ऐका. मुलांना सामील करून घ्या, त्यांना तर पर्वणीच! काही जागी आवाज पोकळ वाटेल, काही जागी ढब्ब ढब्ब घुमेल, आणि एखाद्या जागी प्रत्येक सूर सारखा भरीव लागेल. वूफरची जागा ती. कोपऱ्यात आवाज सगळ्यात मोठा येतो हे खरं, पण मोठा म्हणजे चांगला नव्हे. चहात साखर जास्त पडली म्हणून तो चांगला होतो का?

जागा ठरली की मागची बटणं पाहा. '०' आणि '१८०' असं लिहिलेलं एक बटण बहुतेक वूफरला असतं. एकाने ते फिरवायचं, दुसऱ्याने सोफ्यावर बसून ऐकायचं. ज्या बाजूला आवाज भरदार लागेल तिथे ठेवायचं. वेगळा रिसीव्हर असेल तर त्यात 'क्रॉसओव्हर' ८० हर्ट्झच्या आसपास असू द्या. म्हणजे त्याखालचं सारं काम वूफरकडे जातं आणि लहान स्पीकरांची दमछाक थांबते.

आणखी एक. "वूफर फाटलाय" म्हणून ज्याला नावं ठेवतो, ती खरखर पुष्कळदा वूफरची नसतेच. शोकेसची काच, भिंतीवरची तसबीर, खिडकीचं ग्रिल, स्वैपाकघरातल्या फळीवरचे स्टीलचे डबे हे सारे त्या आवाजाबरोबर थरथरतात. गाणं लावून एकेका वस्तूवर हात ठेवत फिरा. हात ठेवताच खरखर थांबली की चोर सापडला. काचेखाली रबराची गोळी, तसबिरीमागे जुन्या ब्लँकेटचा तुकडा, एवढ्यावर काम भागतं. कुणी "जाड पडदे नि गालिचा घ्या, बेस सुधारेल" म्हणालं, तर गालिचा हवा असेल तरच घ्या. तो वरचे आवाज मऊ करतो, खर्जापुढे त्याचं काही चालत नाही.

एवढं सगळं करूनही रंगाच्या प्रसंगी वूफरमधून फट्‌फट् आवाज येत असेल, किंवा हॉल मोठा असेल, तर मात्र नवा घ्यायला हरकत नाही. ह्यांची हौस म्हणून नव्हे. चांगल्या वूफरवर पखवाज ऐकावा, तो आनंद तुमचाही आहे. पण पैसे देण्याआधी एक गोष्ट पक्की विचारा : हा आपल्या मशीनला जोडता येतो का? एकाच खोक्यात सगळं येतं त्या होम थिएटरचा वूफर बहुधा मुख्य डब्याच्या विजेवर चालतो, आणि बाहेरचा स्वतंत्र वूफर जोडायला त्याला भोकच नसतं. साउंडबारबरोबर येणारा बिनतारी वूफर सहसा त्याच कंपनीच्या त्याच साउंडबारशी बोलतो. अशा वेळी नुसता वूफर घेऊन भागत नाही, सगळाच संच बदलावा लागतो, आणि हे पैसे भरल्यावर कळलं की घरात जे होतं ते तुम्हाला सांगायला नको! मशीनच्या मागे 'सबवूफर आउट' असं लिहिलं आहे का ते पाहा, आणि त्या बाजूचा फोटो काढून दुकानात न्या.

डब्याला वारा जायचं भोक असलं तर तो थोडक्या ताकदीत जास्त खर्ज देतो, पण आकाराने मोठा असतो. बंद डबा आटोपशीर. घरात रांगतं मूल असेल तर मी बंदच घेईन, कारण त्या भोकात चमचे आणि गाडीची चाकं जातात. डब्याचं लांबी-रुंदीचं माप घेऊन तेवढा वर्तमानपत्राचा तुकडा कापा, ठरवलेल्या जागी जमिनीवर चिकटवा आणि दोन दिवस त्याला वळसा घालून केर काढा. जमलं तर घ्या.

आता शेजाऱ्यांचं. खर्ज भिंत मानत नाही. संवाद पलीकडे ऐकू जात नाहीत, पण धडधड जाते, आणि खालच्या मजल्यावर कुणी आजारी माणूस असेल तर ती उशीपर्यंत पोचते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र धरली आहे आणि वस्तीच्या भागात त्या वेळी मर्यादा ४५ डेसिबलची. ती मोजण्याची रीत मात्र अशी, की खर्जाची फारशी नोंदच होत नाही. तेव्हा मर्यादेत आहोत म्हणून खालच्यांना त्रास नाही, असं समजू नका. वूफरखाली रबराची जाड गादी घातली तर जमिनीतून जाणारी थरथर थोडी कमी होते. हवेतून जाते ती जातेच. खात्रीचा उपाय एकच. एका संध्याकाळी घरात चित्रपट नेहमीच्या आवाजात चालू ठेवून खालच्या काकूंकडे जाऊन बसा, आणि त्यांच्या निजायच्या खोलीत कान द्या. मग फोनवरून ह्यांना सांगत सांगत वूफरचं बटण कमी करायला लावा, धडधड थांबेपर्यंत.

ती जागा लक्षात राहावी म्हणून बटणाशेजारी एक लाल टिकली चिकटवून टाका. दिवसाच्या आवाजासाठी दुसऱ्या रंगाची. रात्री दहा वाजले की बटण लालवर.