कर्ता कुठे गेला?

इंग्रजीतला पॅसिव्ह व्हॉइस आपली मुलं सूत्र म्हणून पाठ करतात. कर्म पुढे आणा, 'बी'चं योग्य रूप घ्या, क्रियापदाचं तिसरं रूप लावा, शेवटी 'बाय' लिहून कर्ता टाका. मार्क मिळतात. पण हा 'बाय' सहज गाळता येतो आणि तो गाळला की काम करणाराच दिसेनासा होतो, हे वर्गात क्वचितच कुणी सांगतं.

मराठी मुलांचा आणखी एक गोंधळ होतो. 'शिपायाने घर पाडले' हा आपल्याकडे कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद घराप्रमाणे चालतं. तरी शिपाई वाक्यात हजर असतो, म्हणून इंग्रजीत हेच वाक्य ॲक्टिव्ह होतं. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळचं आपलं वाक्य म्हणजे 'घर पाडण्यात आले'. बातम्यांची आणि सरकारी पत्रांची ही लाडकी भाषा.

अरबी-उर्दू व्याकरणात या प्रयोगाला 'मजहूल' म्हणतात, म्हणजे अज्ञात. कर्ता ठाऊक असेल तर 'मारूफ'.

मजहूल नेहमीच लपवाछपवी करतो असं नाही. सूरह बकराच्या 183व्या आयतीत रोजे फर्ज झाल्याचं क्रियापद मजहूल आहे. फर्ज कुणी केले, हे सांगायची गरजच नाही. सूरह तकवीरमध्ये जिवंत पुरलेल्या मुलीला विचारलं जाईल की कोणत्या गुन्ह्यासाठी तिला मारलं गेलं. तिथे मारणाऱ्याचा उल्लेख नाही. सगळं लक्ष त्या मुलीकडे आहे.

पण हीच रचना सत्तेच्या हाती गेली की उलटं काम करते. 1987 मध्ये इराण प्रकरणावर बोलताना अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी गंभीर चुका 'केल्या गेल्या' असं सांगितलं. कुणी केल्या, ते वाक्यात नव्हतं.

आपल्याकडे घरांवर बुलडोझर चालले, तेव्हाही बातमी 'पाडण्यात आली' एवढीच होती. 13 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने किमान 15 दिवसांची नोटीस बंधनकारक केली. निर्देश मोडून घर पाडलं, तर संबंधित अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून भरपाई करावी लागेल, असंही बजावलं. माझ्या मते न्यायालयाने त्या वाक्यात कर्ता परत आणला.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. व्हॉइस बदलायला जरूर शिकवा, पण प्रत्येक वाक्यानंतर मुलांना एक प्रश्न विचारायलाही शिकवा: हे केलं कुणी? आणि तो इथे का नाही?