मळ्यावरची उतरंड

अमेरिकेतील गुलामगिरीविषयी आपण वाचतो ते बहुधा लिंकनपुरतेच. चाबूक घेतलेला एक क्रूर मळेवाला, त्याच्यासमोर साखळदंडातला गुलाम. मग एक थोर पुरुष येतो आणि बेड्या तोडतो. हे चित्र खोटे नाही, पण फार सोयीचे आहे. त्यात तिसरा माणूस कुठेच दिसत नाही. मला त्या तिसऱ्याविषयी लिहायचे आहे.

१८६० साली अमेरिकेच्या दक्षिणेत जवळजवळ ४० लाख माणसे गुलाम होती. पण तेथील गोऱ्या कुटुंबांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याकडेच गुलाम होते. त्या मालकांतही वीस किंवा अधिक गुलाम बाळगणारा, म्हणजे खरा मळेवाला, आठांत एखादाच. उत्तम जमीन त्याची, कापूस त्याचा, विधिमंडळात शब्दही त्याचाच. मग बाकीच्या गोऱ्यांच्या पदरात काय पडले? आणि तरीही रात्री रस्त्यांवर गस्त घालून, मालकाची चिठ्ठी जवळ नसलेल्या गुलामाला धरून फटके मारणाऱ्यांत हे बिनगुलामांचे गरीब गोरेही होते!

कोणी म्हणेल, ते मिंधे होते. मळेवाल्याच्या यंत्रावर सरकी काढायची, अडीनडीला त्याच्याकडूनच उसने आणायचे, आणि मनात आशा, की आपल्यालाही उद्या एखादा गुलाम घेता येईल. हे खरेच आहे. पण मला ते पुरेसे वाटत नाही.

थोडे मागे जावे लागेल. व्हर्जिनियात तंबाखूचे मळे होते. आईची जी स्थिती तीच मुलाची, असा कायदा तेथे १६६२ साली झाला. म्हणजे गुलाम बाईचे मूल जन्मतःच गुलाम, मग बाप खुद्द मालक का असेना. १६७६ साली तेथे बंड झाले, त्यात कराराने बांधलेले गोरे नोकर आणि काळे गुलाम एकत्र शस्त्रे घेऊन उभे राहिले. सत्ताधाऱ्यांना याची धास्ती बसली असल्यास नवल नाही. १७०५ च्या कायद्यात गोऱ्या नोकराला मुदत संपल्यावर मका, थोडे पैसे आणि बंदूक देण्याचे ठरले. गुलामांनी पाळलेली घोडी, गुरे, डुकरे मात्र जप्त करून विकायची आणि तो पैसा गावच्या गोरगरिबांसाठी खर्चायचा! हे कलम मी दोनदा वाचले. एका गरिबाच्या गोठ्यातून काढून दुसऱ्या गरिबाच्या ताटात वाढायचे, आणि वाढप्याने पुण्य घ्यायचे. याला आपण 'प्रथा' म्हणतो. प्रथा कसली? ही विचारपूर्वक रचलेली उतरंड आहे.

फ्रेडरिक डग्लस तरुणपणी, गुलाम असतानाच, बाल्टिमोरच्या एका जहाजाच्या कारखान्यात कामाला होता. तेथे गोऱ्या उमेदवारांनी त्याला इतके मारले की डोळा जाता जाता वाचला. कितीतरी गोरे सुतार उभे राहून पाहत होते. पुढे १८५५ च्या पुस्तकात त्याने याचा विचार केला आहे. गुलामाला फुकट राबवले की शेजारच्या गोऱ्या मजुराचीही मजुरी पडते. लुटले दोघेही जातात, पण गोऱ्याला ते कळू दिले जात नाही. मार खाल्लेल्या माणसाने मारणाऱ्याची बाजू इतकी नीट मांडावी, याचे मला आश्चर्य वाटते.

ती थोडीफार कळली ती युद्धात. १८६२ साली दक्षिणेच्या सरकारने वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यावर एका गोऱ्या पुरुषाला सैन्यभरतीतून सूट दिली. तेव्हा कुठे गरीब गोरे कुरकुरू लागले, की युद्ध श्रीमंतांचे आणि लढायचे आम्ही. पण त्यांतले बहुतेक लढत राहिलेच.

गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ साली. पुढे आठच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक निग्रोंच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. पुण्यात बसून त्यांना त्या मळ्यांत आपले गाव दिसले. ते मला कुठे दिसते, हे सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

आमची दोन एकर कोरडवाहू जमीन. सुगीला खुरपायला एक बाई येत असे. ती पाणी मागे, तेव्हा आजी तिच्या ओंजळीत वरून धार धरी, तांब्या तिला लागू नये म्हणून. आमच्यावर सावकाराचे देणे होते. त्या बाईवरही होते, त्याच सावकाराचे. तांब्या भरून आणून देण्याचे काम माझे होते.