अंजिराचं अनुदान पावसाळ्यात नाही, मे महिन्यात ठरतं

वर्धा : कपाशी-सोयाबीनच्या भावाने थकलेल्या शेतकऱ्याला फळबाग सुचणं साहजिक आहे. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत संत्रा, लिंबासोबत अंजीरही आहे. त्यात ‘अंजीर वाळवंटातलं झाड, त्याला उन्हाचं काय?’ असा समज. इथेच गणित चुकते.

मोठं अंजीर ऊन सोसते, कारण त्याची मुळं खोल गेलेली असतात. एक-दोन वर्षांच्या रोपाचं तसं नाही. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. वरून काळी जमीन भेगाळते आणि कोवळी मुळं तुटतात. पावसाळ्यात त्याच जमिनीत पाणी साचून मुळं सडतात. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिथला उन्हाळा आपल्याइतका कडक नाही. तिथलं बघून इथे जशीच्या तशी लागवड करणं धोक्याचं.

योजनेचे पैसे तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे मिळतात. अट झाडं जगवण्याची आहे. आधी किमान ८०, पुढच्या वर्षी ९० टक्के. साडेचार बाय तीन मीटरवर एकरी ३०० झाडं बसतात. म्हणजे आधी २४० आणि नंतर २७० झाडं जिवंत दिसली पाहिजेत. कमी पडली तर नवी रोपं स्वतःच्या खर्चाने लावावी लागतात.

म्हणून अर्ज करण्याआधी विहिरीत डोकावून बघा. झाडाला एका वेळी १० लिटर धरले तरी एकराला ३,००० लिटर लागतात. मे महिन्यात विहीर तेवढं देत नसेल, तर एकराऐवजी वीस गुंठेच लावलेले बरे.

जमीन निचऱ्याची निवडा, भारी असेल तर गादीवाफ्यावर लावा. बुडाशी सोयाबीनच्या कुटाराचा जाड थर द्या, पण खोडाला चिकटवू नका. खोडाला चुना लावा. पश्चिमेकडून तुऱ्हाट्यांचा आडोसा करा. पाणी संध्याकाळी द्या.

पानं गळली म्हणून रोप उपटू नका. नखाने साल खरवडून बघा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. अशा वेळी पाणी बदाबदा ओतलं तर मात्र ते हमखास जाते.

रोपं पावसात लागतात. ती जगतील की नाही, हे पुढचे दोन उन्हाळे सांगतात.