चाकांवरचे बिऱ्हाड

दिवाळीचा फराळ डब्यांत जाऊन बसला, पाहुण्यांची वर्दळ ओसरली, की आपल्या घरांतून पुढच्या सुट्टीच्या गोष्टी सुरू होतात. महाबळेश्वर, कोकण, फार तर गोवा. नावे वर्षानुवर्षे तीच. अलीकडे मात्र त्यांत एका नव्या हौसेची भर पडली आहे. कॅराव्हॅन भाड्याने घ्यायची आणि घरच बरोबर घेऊन निघायचे! मोटारीतच झोपायला बिछाने, लहानसा ओटा, शेगडी, फ्रीज आणि संडास अशी सारी सोय. महाराष्ट्र सरकारने 2021 साली या गाड्यांसाठी स्वतंत्र पर्यटन धोरण आखले, तेव्हापासून मुलाबाळांची घरेही हिचा विचार करू लागली आहेत. या पानावर आपण घरच्या लहानसहान व्यवस्थेविषयी नेहमी बोलतो. तेव्हा या फिरत्या घराची बांधाबांध कशी करावी, हे आज पाहू.

आमचे बिऱ्हाड लासूर स्टेशनला. मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे येताना रोटेगाव, परसोडा, करंजगाव मागे टाकले की आमचे स्टेशन येते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यातली मीटरगेज इथून धावू लागली आणि स्टेशनाभोवती बाजारपेठ वाढली. रुंद रूळ आले ते 1990 नंतरच्या दशकात. त्या लहान गाडीच्या दिवसांत प्रवासाला निघायचे म्हणजे होल्डॉल, लोखंडी ट्रंक आणि फिरकीचा तांब्या. होल्डॉल बांधायचा पुरुषांनी, त्याच्या पट्ट्यांवर गुडघा रोवून. त्यात काय घालायचे, हे मात्र बायकांनी ध्यानात ठेवायचे. साधने बदलली, ही वाटणी काही बदलली नाही.

गेल्या वर्षी दिवाळीला ठाण्याचे भाऊजी, जाऊबाई आणि त्यांची दोन मुले आमच्याकडे आली. समृद्धी महामार्ग 2025 च्या जूनमध्ये शेवटच्या टप्प्यासह पुरा खुला झाल्यापासून सकाळी निघालेली माणसे दुपारच्या जेवणाला पोहोचतात. नाताळच्या सुट्टीत कॅराव्हॅन घेऊन पाच दिवस वेरूळ, दौलताबाद, अजिंठा करायचे, असा भाऊजींचा बेत. ते दोघे, त्यांची मुले, मी आणि माझी धाकटी, अशी सहा माणसे. ‘हे’ कांद्याच्या हंगामामुळे सासूबाईंजवळ घरीच राहणार होते.

“वहिनी,” भाऊजी उत्साहाने सांगू लागले, “हॉटेलची पायरी चढायलाच नको! ओटा आहे, शेगडी आहे, फ्रीज आहे. तुमच्या दोघींच्या हातची गरम भाकरी, आणि समोर कैलास लेणं!”

जाऊबाई काही बोलल्या नाहीत. त्या बँकेत नोकरी करतात. पहाटे डबे, दिवसभर बँक आणि संध्याकाळी पुन्हा ओटा. आत माझ्याबरोबर भाजी निवडायला बसल्यावर हळूच म्हणाल्या, “ताई, मला कैलास लेणं नाही दिसलं तरी चालेल, पण पाच दिवस ओटा दिसायला नको.”

माझ्या मते कॅराव्हॅनच्या सहलीची खरी मेख इथे आहे. हॉटेलात गेले, की निदान चूल घरी राहते. या सहलीत चूल गाडीत बसून बरोबर येते. आणि चूल आली की तिच्यापुढे कोण उभे राहणार, हे न बोलताच ठरून जाते. हौसेने कॅराव्हॅन घेऊन हिंडण्याची प्रथा विलायतेत ज्यांनी पाडली, ते गॉर्डन स्टेबल्स हे नौदलातले निवृत्त डॉक्टर. 1885 साली त्यांनी घोडे जुंपायची ‘वाँडरर’ नावाची गाडी खास बांधून घेतली. तिच्याबरोबर घोडे हाकायला गाडीवान होता आणि वरकामाला एक नोकर! आपल्या गाडीत नोकराची जागा कोणी घ्यायची, याचा उलगडा सामान बांधण्याआधी झालेला बरा.

आमच्याकडे तो सासूबाईंनी केला. भाऊजींचे ओट्याचे कौतुक तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्या म्हणाल्या, “अरे, तुला ओटा एवढा आवडलाय ना? मग तूच उभा राहा त्याच्यापुढं.” सगळे हसले, पण मी ते शब्द वाया जाऊ दिले नाहीत. मुलांच्या वहीतला एक मोठा कागद घेतला आणि त्यावर तीन रकाने आखले: वस्तू, जागा, माणूस. वस्तू कोणती, ती गाडीत कुठे राहणार आणि तिची जबाबदारी कोणाची. तिन्ही रकाने भरतील ती वस्तू गाडीत. एकही रिकामा राहिला तर वस्तू घरी. ‘माणूस’ या रकान्यात एकच नाव पाचपेक्षा जास्त वेळा यायचे नाही, अशी अटही घातली. लिहिण्याचे काम ठाण्याच्या थोरल्या मुलाकडे दिले. तो तेरा वर्षांचा; ‘आई’ हा शब्द किती वेळा लिहावा लागतो, ते त्याला आपोआपच दिसले.

या कागदावर पहिली वस्तू लिहिली पाणी. गाडीची टाकी शंभर लिटरची. सहा माणसांत वाटले तर माणशी सोळा लिटर, म्हणजे जेमतेम एक बादली. त्यातच तोंड धुणे, भांडी, संडास. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे दोन जार वेगळे. ठाण्याच्या मुलांना तोटी सोडून दात घासायची सवय. आमच्या धाकटीने उन्हाळ्यातले टँकर पाहिलेले. पाण्याच्या रकान्यात तिचे नाव घातले. रोज सकाळी टाकी भरली का ते पाहायचे आणि दात घासायला प्रत्येकी एकच पेला द्यायचा. नऊ वर्षांच्या मुलीने काकांना “पेला संपला!” म्हणून बजावले, की काकाही ऐकतात. सांडपाण्याची आणि संडासाची टाकी रिकामी करणे भाऊजींकडे. ती मुक्कामाच्या ठिकाणी विचारून, योग्य जागीच रिकामी करायची. ओढ्यात किंवा कोणाच्या बांधावर कदापि नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. पीठ, डाळ-तांदूळ, पाण्याचे जार असे जड सामान खाली, शक्यतो गाडीच्या मध्यावर ठेवावे. वरच्या कपाटांत कपडे आणि पांघरुणेच. जड डबा वर ठेवला आणि गाडीने गचका खाल्ला, तर तो नेमका मुलाच्या डोक्यावर यायचा. काचेच्या बरण्या टाळाव्यात. पेट्याऐवजी कापडी पिशव्या घ्याव्यात. बाकाखाली त्या कशाही बसतात. गाडी सुरू करण्यापूर्वी गॅस सिलिंडरपाशीच बंद करावा, कपाटांच्या कड्या लावाव्यात. गाडी चालू असताना कोणीही बिछान्यावर लोळायचे नाही. प्रत्येकाने आपल्या जागी पट्टा लावून बसावे. मुलांना बिछान्याचाच मोह अधिक, म्हणून हा नियम घरीच पक्का करावा.

खाण्याचे म्हणाल तर पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या आणि धपाटे, सोबत शेंगदाण्याची चटणी. पुढे खिचडी. तिच्यासाठी तांदूळ, मुगाची डाळ, हळद आणि मीठ एका वेळेपुरते मोजून पुड्या बांधाव्यात. पुडी कुकरात ओतायची, पाणी घालायचे, शिट्ट्या मोजायच्या. ज्याला पुडी फोडता येते, त्याला खिचडी येते! शिवाय कांदे-बटाटे, पोहे, मुरमुरे, मेतकूट, गूळ. भांड्यांत एक कुकर, एक पातेले, एक तवा पुरे. माणशी एक ताट, एक वाटी, एक पेला. प्रत्येकाच्या ताटावर नावाची चिठ्ठी चिकटवावी आणि ज्याचे ताट त्यानेच घासावे.

कपडे माणशी तीन जोड. मराठवाड्यात डिसेंबरची रात्र चांगलीच गार असते, तेव्हा स्वेटर, कानटोपी आणि एक जाड पांघरूण विसरू नये. मुलांच्या पिशव्या मुलांनीच भराव्यात. आपण फक्त एकदा नजर टाकावी. औषधांच्या डब्यात तापाचे औषध, उलटीच्या गोळ्या, मीठ-साखरेच्या पुड्या, पट्ट्या आणि घरात कोणाचे रोजचे औषध असेल तर ते दोन दिवसांचे जास्त. एक दोरी, चिमटे, दाराशी पायपुसणे. आणि चांगली विजेरी. देवगिरी किल्ल्यातली अंधारी चढताना तिच्यावाचून पाऊल टाकवत नाही.

वारही पाहून ठेवावेत. वेरूळची लेणी मंगळवारी बंद, अजिंठ्याची सोमवारी. म्हणून आम्ही बुधवारी निघून रविवारी परतायचे ठरवले. अजिंठ्याला आपली गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. ती फर्दापूरच्या तिठ्यावर ठेवायची आणि पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने. तेव्हा पाणी, टोप्या आणि लेकरांचा खाऊ असलेली एक लहान पिशवी हाताशी तयार हवी. मुक्कामाच्या जागा घरूनच फोन करून पक्क्या कराव्यात. काळोख पडल्यावर मुलांना घेऊन जागा शोधत फिरू नये.

हा कागद तयार होत होता त्याच दिवशी दुपारी आमच्या घरासमोरच्या नळाशी ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या थांबल्या. ऊसतोडीला निघालेली कुटुंबे होती. ट्रॉलीत ज्वारीची पोती, पत्र्याच्या पेट्या, भांडी, पाण्याचे ड्रम, एक शेळी, आणि या सगळ्यावर बसलेली मुले. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून, सर्वांत जास्त बीड जिल्ह्यातून, अशी बिऱ्हाडे निघतात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. धाकटी म्हणाली, “आई, ही पण कॅराव्हॅनच का?” मी उत्तर शोधते आहे, तोवर कागद लिहिणारा आमचा चिरंजीव नळावर घागर भरणाऱ्या बाईंना विचारून बसला, “तुमच्यात स्वयंपाक कोण करतं?”

त्या हसल्या. म्हणाल्या, “कोन करनार, बाळा? म्याच. पहाटं तीनला उठून भाकरी थापायच्या, मग फडात जायाचं.”

मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. उचल त्या एका कोयत्यावर मिळते. नवरा ऊस तोडतो; बायकोही तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते. कोपीवर परतल्यावर पाणी, चूल आणि लेकरे तिची एकटीची, आणि ते काम कोणत्याच वहीत चढत नाही. मुलांची शाळा सुटू नये म्हणून साखरशाळा निघाल्या. मुलांना गावीच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहेही निघाली. तरीही कितीतरी मुले आईबापांबरोबर फडावर जातातच. त्यांतली थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते. आमची सहल पाच दिवसांची आणि हौसेची, त्यांची वाट पोटाची. दोन्हींची तुलना करणे बरे नव्हे. पण घराला चाके लागली म्हणून बाईचे काम हलके होत नाही, एवढे त्या नळावर आम्हां सर्वांना दिसले. जाऊबाईंनी फराळाचा एक डबा त्या मुलांच्या हाती दिला. ट्रॉल्या गेल्यावर चिरंजीवाने कागद पुढे ओढला, ‘स्वयंपाक, रात्रीचा’ यापुढचे ‘आई-काकू’ खोडले आणि ‘बाबा व मी’ असे लिहिले.

नाताळात सहल झाली. भाऊजींची पहिली खिचडी किंचित खाली लागली, तिसरी उत्तम जमली. सकाळचा चहा आणि पोहे आम्हा दोघींकडे. त्यापलीकडे ओट्याशी आमचा संबंध नाही. वेरूळला दुपारी मुले कैलास लेण्यातले हत्ती पुन्हा एकदा पाहायला बाबांबरोबर गेली, तेव्हा जाऊबाई लिंबाच्या सावलीत सतरंजी टाकून दोन तास गाढ झोपल्या. उठल्यावर म्हणाल्या, “ताई, दुपारची झोप काय असते, ते विसरलेच होते मी.” इकडे घरी ‘ह्यां’च्या वाट्याला सासूबाईंचा स्वयंपाक लिहिला होता. कागदावर होता म्हणून झाला, आणि सासूबाईंच्या सांगण्यावरून बराच झाला म्हणे.

तेव्हा यंदा जी घरे अशी सहल योजत असतील, त्यांना माझे एवढेच सांगणे. सामानाची यादी कराच, पण प्रत्येक वस्तूपुढे एका माणसाचे नाव लिहा, आणि ते मुलांच्या देखत, त्यांच्याच हातून लिहवून घ्या. पोळीभाजीची पाळी, भांडी, पाणी, पांघरुणांच्या घड्या, सारे त्यात येऊ द्या. घरच्या लक्ष्मीला सुट्टी मिळणार की नाही, ते गाडी फाटकातून बाहेर पडण्याआधीच या कागदावर दिसेल. दिसले नाही, तर तारीख दोन दिवस पुढे ढकला आणि कागद पुन्हा लिहा.

ठाण्याच्या स्वयंपाकघरात फ्रीजवर आता तसाच दुसरा कागद लागला आहे. रविवारची रात्रीची खिचडी अजून बाप-लेकांकडे आहे, आणि आता बुधवारचाही आग्रह चालू आहे, असे जाऊबाईंनी परवाच फोनवर सांगितले.