पदकावाचून फीत

'आरमारातून काढून टाकलेला' एवढीच आमच्या थोरल्या काकांची ओळख वसईच्या घरात लहानपणापासून आमच्या कानी पडत आली. अभ्यासात कुचराई करणाऱ्या मुलास तीर्थरूप त्यांचाच दाखला देत. पुढे मी शिक्षक झालो आणि, सांगण्यास लाज वाटते, नाव न घेता तोच दाखला वर्गात मीही अनेकदा दिला. काका स्वतः त्याविषयी कधी बोलले नाहीत. १९७१ साली ते निवर्तले.

गेल्या पावसाळ्यात माळ्यावर गळती लागली म्हणून सामान खाली काढले, तेव्हा त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. आत नोकरीचा एक जीर्ण कागद आणि निळ्या, तांबड्या व नारिंगी पट्ट्यांची बोटभर फीत, एवढेच होते.

कागदावर जन्मस्थान 'बॅसीन' असे लिहिलेले. नातवाने शोध करून सांगितले, "आजोबा, हे तर ब्रह्मदेशात आहे!" त्याचीही चूक नव्हती. इंग्रजांच्या दप्तरी आपली वसई आणि इरावतीच्या मुखाकडील पाथेन, या दोहोंचे नाव एकच. परंतु या बॅसीनच्या मुलाला युद्धाने खरोखरच त्या बॅसीनच्या देशाकडे नेले होते, हे पुढे उलगडले.

प्रथम मुंबईची 'तलवार' ही संदेशवहनाची शाळा, नंतर 'जम्ना' ही युद्धनौका, अशा नोंदी होत्या. त्या काळच्या रॉयल इंडियन नेव्हीत जम्ना, नर्बदा, गोदावरी, कावेरी अशा नावांच्या नौका होत्या. स्नानाच्या वेळी ज्या नद्यांचे आपण स्मरण करतो, त्यांचीच नावे तोफा वाहणाऱ्या नौकांना! जम्ना व नर्बदा यांनी जानेवारी १९४५ मध्ये आराकानच्या किनाऱ्यावर मायेबॉन येथे सैन्य उतरत असता तोफांचा मारा केला. ट्रंकेतील फीत ब्रह्मदेशच्या मोहिमेतील 'बर्मा स्टार' या पदकाची होती. फिती आधी मिळत, पदके मागाहून. काकांच्या हाती पदक आलेच नाही.

का आले नाही, ते शेवटच्या नोंदीवरून कळले : पुन्हा 'तलवार', आणि १९४६ साली बडतर्फ.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानकारक वागणूक यांमुळे त्याच 'तलवारी'वर नाविकांनी काम बंद केले. पाहता पाहता ७८ जहाजे आणि सुमारे २०,००० नाविक त्यात सामील झाले. सरदार वल्लभभाईंच्या सल्ल्याने २३ तारखेस त्यांनी शरणागती पत्करली. ४७६ जणांना नोकरीस मुकावे लागले, आणि स्वराज्य आल्यावरही आरमाराचे दार त्यांना उघडले नाही. पुढे सरकारने सन्मान-वेतनासाठी हा उठाव स्वातंत्र्यलढ्याचा भाग मानला. कुलाब्यास त्याचे स्मारकही उभे राहिले. तोपर्यंत काका उरले नव्हते.

'काढून टाकलेला' हे कर्मणी धातुसाधित होय. त्यात कर्ता गुप्त राहतो. कोणी काढले व कशासाठी, हा प्रश्न जन्मभर व्याकरण शिकवणाऱ्या मला एकदाही सुचला नाही. घरात म्हणत ते असत्य नव्हते; अर्धे होते. अर्धे सत्य एका माणसाने पंचवीस वर्षे निमूटपणे सोसले, आणि आम्ही त्यास शिस्तीचा धडा समजत राहिलो.

वाचकहो, आपल्याही घरी अशी एखादी ट्रंक असेल. ज्यांचे आप्त समुद्रावरून परतलेच नाहीत, त्यांनी मुंबईच्या इंडियन सीमेन्स होममधील स्मरणग्रंथ अवश्य पाहावा. दुसऱ्या महायुद्धात सागरास अर्पण झालेले आरमाराचे सुमारे ४०० आणि व्यापारी जहाजांवरील जवळजवळ ६,००० खलाशी त्यात नावानिशी नोंदलेले आहेत. आणि जे वडीलधारे अद्याप आपल्यात आहेत, त्यांच्याजवळ आज सायंकाळीच बसावे. कागद थोडाबहुत सांगतो. परंतु मला जे विचारायचे आहे, त्याचे उत्तर आता कोणत्याही कागदावर मिळणार नाही.